बोगार्डस आर्किटेक्ट होता का, आणि बिडाच्या इमारती बंद का पडल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जेम्स बोगार्डसला काही पाठ्यपुस्तकं गगनचुंबी इमारतींचा जनक म्हणतात, तर काही त्याला आर्किटेक्ट मानायलाच तयार नाहीत. खरं काय? बिडाच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाच्या (कास्ट आयर्नच्या), इमारती जर आगीला दाद देत नव्हत्या, तर त्या बांधायच्या बंद का झाल्या? आणि मुंबईचं वॉटसन हॉटेल त्याच घराण्यातलं का?

मी जुन्या इमारतींच्या, विशेषतः लोखंडी सांगाड्यांच्या, दुरुस्तीचं काम करतो. त्यामुळे उत्तर शैलीपेक्षा ओतकाम आणि नट-बोल्टांकडे जास्त झुकेल, हे आधीच सांगतो.

बोगार्डसचा जन्म 1800 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल गावचा. शाळा लवकर सुटली आणि पोरगा घड्याळजीकडे उमेदवारीला लागला. पुढे त्याने एकामागून एक यंत्रं काढली. दोन्ही तबकड्या एकाच दिशेने फिरणारी, पण केंद्रं एकमेकांपासून जरा सरकवलेली दळणाची चक्की त्याची. नोटांच्या कोरीव कामाचं यंत्रही त्याचंच. आधी इंग्लंडला गेला, मग इटलीला. 1840 मध्ये इटलीतल्या जुन्या इमारती बघताना ‘हेच वैभव बिडात ओतता येईल’ असं सुचलं, असं त्याच्या नावावर 1856 मध्ये निघालेल्या पुस्तिकेत म्हटलंय. ही पुस्तिका म्हणजे धंद्याची जाहिरात होती आणि मजकूर लिहिणारा दुसराच होता, तेव्हा इटलीचा प्रसंग मी चिमूटभर मीठ लावूनच वाचतो. इंग्लंडमधल्या लोखंडी गिरण्या तर त्याच्या कितीतरी आधीच्या. श्रूसबरीची डिदरिंग्टनची अंबाडीची गिरणी 1797 ची. तिच्यात आतले खांब आणि तुळया दोन्ही बिडाच्या आहेत. म्हणजे बिडाची इमारत त्याने शोधून काढली, हा दावा पहिल्याच पायरीवर बाद होतो.

मग आर्किटेक्टचं काय? स्वतःला तो ‘लोखंडातला आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचा. त्यात बेकायदा काही नव्हतं. अमेरिकेत आर्किटेक्टला परवाना लागेल असा पहिला कायदा 1897 मध्ये इलिनॉय राज्यात झाला, म्हणजे बोगार्डस वारल्याला 20 वर्षं उलटून गेल्यावर. त्याच्या काळात सुतार, गवंडी, कंत्राटदार, कुणीही पाटीवर आर्किटेक्ट लिहावं. पण त्याच्या दोन सगळ्यात गाजलेल्या इमारती पाहा. बाल्टिमोरच्या ‘सन’ वर्तमानपत्राची 1851 ची इमारत आर. जी. हॅटफील्ड या आर्किटेक्टची, आणि न्यूयॉर्कमधल्या हार्पर बंधू या प्रकाशकांची 1854 ची इमारत जॉन कॉर्लीसची. नकाशा त्यांचा, लोखंड बोगार्डसचं. आणि ते लोखंडही तो स्वतः ओतत नसे. त्याची मोठी फाउंड्री नव्हती. भाग कुठले, किती, कसे जोडायचे हे तो ठरवायचा, ओतकाम बाहेरून करून घ्यायचा आणि जागेवर उभारणीची जबाबदारी घ्यायचा. आजच्या भाषेत त्याला प्रीफॅब, म्हणजे तयार भाग आणून जोडणारा, कंत्राटदार म्हटलं तर तो फारसा रागावला नसता.

या धंद्यात त्याच्यापेक्षा जास्त माल डॅनियल बॅजरने खपवला. हा बॉस्टनहून 1846 मध्ये न्यूयॉर्कला आला. दुकानांच्या रोलिंग शटरचं पेटंट विकत घेऊन त्याने जम बसवला आणि पुढे स्वतःची प्रचंड फाउंड्री उभी केली. 1865 मध्ये त्याने जाडजूड सचित्र कॅटलॉग काढला. खांब निवडा, कमान निवडा, वरची कंगोरेदार पट्टी निवडा, ऑर्डर द्या. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची हॉवाउट इमारत ही बॅजरच्या लोखंडाची. आर्किटेक्ट जॉन गेनर. साल 1857. व्हेनिसच्या सान्सोव्हिनोने बांधलेल्या ग्रंथालयाची कमान-खांबांची रचना उचलून ती मजल्यामागून मजला, खिडकीमागून खिडकी तशीच छापत नेली आहे. आत काचसामान आणि चिनी मातीची भांडी विकणारं दुकान होतं. एलिशा ओटिसची माणसं वाहणारी पहिली व्यापारी लिफ्ट 1857 च्या मार्चमध्ये तिथेच बसली. पाचच मजले, जिना सहज चढता आला असता, पण लिफ्ट बघायला गिऱ्हाईक येणार हे मालकाला कळत होतं.

आता मुद्द्याकडे. बिडाची इमारत म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. एक असते बिडाची दर्शनी भिंत. दुसरा बिडाचा सांगाडा.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात ज्या शेकडो इमारती लोक बघायला जातात, त्यांतल्या बहुतेकांची फक्त रस्त्याकडची बाजू बिडाची आहे. प्लॉट साधारण 25 फूट रुंद. दोन्ही बाजूंच्या भिंती विटांच्या, शेजाऱ्याला लागून. आत लाकडी तुळया आणि लाकडी तक्तपोशी, मधे कधी बिडाचे तर कधी लाकडी खांब. पुढची बाजू तेवढी फाउंड्रीतून आलेली. मालकाला हेच हवं होतं. दगडाच्या जाड पायांनी अडणारी जागा मोकळी झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, खोल गाळ्यात उजेड गेला, आणि संगमरवरी महालाचा थाट फार स्वस्तात मिळाला. रंगात वाळू मिसळून मारली की लांबून दगडच वाटायचा.

हे भाग बनायचे कसे ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी क्रांती तिथे आहे. आधी सुतार लाकडाचा नमुना करतो, फाउंड्रीत ज्याला आपण पॅटर्न म्हणतो तो. बीड थंड होताना आक्रसतं, फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा. तो ओलसर वाळूत दाबून साचा तयार करायचा. खांब पोकळ हवा असेल तर मधे वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, टांगायचा. मग रस ओतायचा. निघालेल्या तुकड्याची टोकं यंत्रावर रंधून सपाट करायची, मागच्या बाजूला ओतलेल्या कानांना भोकं पाडायची आणि कारखान्यातच सगळी भिंत एकदा जुळवून बघायची. मग तुकड्यांवर खुणा करून गाडीवर चढवायचे आणि जागेवर बोल्टने आवळायचे. फटींत लोखंडाचा कीस आणि नवसागर कालवून भरत. तो गंजून फुगतो आणि सांधा पाणबंद करतो. गंजाला कामाला लावण्याची ही युक्ती मला आजही फार आवडते.

पॅटर्न एकदा झाला की तो पुन्हापुन्हा वापरता येतो. बोगार्डसचं डोकं इथे चाललं. 1848 मध्ये ब्रॉडवेवरच्या मिलाऊच्या औषधाच्या दुकानाला त्याने जे भाग लावले, त्याच घाटाचे भाग 1849 च्या लेंग स्टोअर्सला लागले. ‘सन’चे पॅटर्न हार्परच्या इमारतीला पुन्हा कामी आले. वॉशिंग्टन आणि मरी स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची लेंग स्टोअर्सची गाळेवजा इमारत जेमतेम दोन महिन्यांत उभी राहिली. दगडाचं काम करणाऱ्याला इतक्या वेळात पाथरवट जमवायलाही धाप लागली असती. 1850 मध्ये त्याने इमारतीची चौकट, मजला आणि छप्पर बोल्टने जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं.

या लेंग स्टोअर्सचा शेवट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1970 मध्ये तिला वारसा दर्जा मिळाला. पुनर्विकासाच्या रेट्यात 1971 मध्ये तिची दर्शनी बाजू काळजीपूर्वक उतरवून, नव्या जागी पुन्हा उभारण्यासाठी, एका मोकळ्या जागेत रचून ठेवली. बोल्ट उघडा, भाग मोजा, दुसरीकडे जोडा, अशी सोय मूळ रचनेतच होती. 1974 मध्ये चोरांनी त्यातला मोठा वाटा भंगारात विकायला उचलून नेला. उरलेले तुकडे हलवून ठेवले, तर 1977 मध्ये तेही गेले. शहराच्या वारसा आयोगाच्या अध्यक्षीणबाई ‘माझी एक इमारत चोरीला गेली’ असं सांगत आल्या, हा किस्सा प्रसिद्धच आहे. सुट्या भागांची इमारत असणं म्हणजे काय, ते इतक्या ढळढळीतपणे कुठलंच पेटंट सांगत नाही.

तर गगनचुंबीचा जनक? माझं मत असं की लोक ज्या इमारतींकडे बोट दाखवून त्याला जनक ठरवतात, त्या इमारतींमुळे तो जनक ठरत नाही. दर्शनी भिंत कितीही देखणी असली तरी ती स्वतःचं वजन आणि पुढच्या मजल्यांचा थोडा भार पेलते. बाजूच्या विटांच्या भिंती काढल्या तर सगळं खाली. ‘सन’ आणि हार्परच्या इमारतींत आत लोखंड पुष्कळ होतं, हे मान्य. हार्परमध्ये तर रोलिंग मिलमधून निघालेल्या घडीव लोखंडाच्या तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या कमानी वापरल्या होत्या. 1853 च्या आगीत प्रकाशकांचा आधीचा कारखाना खाक झाला होता, त्यामुळे त्यांनी हात आखडता घेतला नाही. पण गगनचुंबी इमारतीचं मूळ शोधायचं तर बोगार्डसच्या कुरूप कामांकडे बघा.

त्याने न्यूयॉर्कसाठी आगीवर नजर ठेवायचे मनोरे बांधले, पहिला 1851 मध्ये. नुसते खांब, तुळया आणि ताणकाठ्या, भिंत नाहीच. मग 1855 मध्ये मॅकलो कंपनीचा शॉट टॉवर. उंचावरून वितळलेलं शिसं चाळणीतून सोडायचं, खाली पाण्यात पडेपर्यंत त्याचे गोल छर्रे होतात; त्यासाठी हा उंच मनोरा. अष्टकोनी, बिडाचे खांब आणि तुळया, आणि प्रत्येक मजल्यावर दोन खांबांच्या मधला गाळा विटांनी भरलेला. त्या विटा खालच्या विटांवर नाही, त्या-त्या मजल्याच्या तुळईवर बसलेल्या. भिंत भार पेलत नाही, उलट सांगाडाच भिंतीला पेलतो. जिला सहसा पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात, त्या शिकागोच्या होम इन्शुरन्स इमारतीच्या 30 वर्षं आधी हे झालंय. आर्किटेक्ट विल्यम जेनीच्या त्या 1885 च्या इमारतीतही खांब बिडाचेच होते, तुळया घडीव लोखंडाच्या आणि वरच्या काही मजल्यांना पोलाद. म्हणून जनक म्हणायचंच असेल तर शॉट टॉवरसाठी म्हणा. त्याच्यात लोकांना राहायचं नव्हतं, शैली नव्हती, म्हणून कलेच्या इतिहासाने त्याच्याकडे उशिरा बघितलं.

आता आग. बोगार्डसच्या पुस्तिकेत एक चित्र आहे: इमारतीचे बरेचसे भाग काढून टाकलेत, तरी ती उभी आहे. बोल्टचे सांधे इतके पक्के, असा दावा. दुसरा दावा असा की साध्या आगीत बीड वितळण्याइतकी उष्णता होत नाही. दुसरा दावा शब्दशः बरोबर आहे. बीड वितळायला साधारण 1,150 ते 1,200 अंश सेल्सियस लागतात. पण इमारत पडायला लोखंड वितळावं लागत नाही. त्याच्या बऱ्याच खाली ताकद निम्म्यावर येते. आणि बहुतेक ठिकाणी त्याआधीच आतले लाकडी मजले जळून खाली येतात. मजले गेले की पातळ, उंच दर्शनी भिंतीला मागून धरणारं काही उरत नाही. कुठे तापलेली तुळई लांबून खांबाला ढकलते, कुठे तापलेल्या बिडावर बंबाचं गार पाणी पडून ते तडकतं. 1871 ची शिकागोची आणि 1872 ची बॉस्टनची आग झाल्यावर ‘अग्निरोधक लोखंड’ या शब्दांवरचा विश्वास उडाला. ‘सन’ची इमारत 1904 च्या बाल्टिमोरच्या आगीत गेली. मात्र आग लागली की बिडाचा खांब हमखास दगा देतो, असंही समजू नका. विटांनी वा प्लास्टरने झाकलेला, सरळ उभ्या भाराखालचा खांब आगीतून धडधाकट निघाल्याची उदाहरणं आहेत. घात करते ती बाजूने बसणारी ढकल.

कारण बिडाचा स्वभावच तसा. त्यात दोन ते चार टक्के कार्बन. दाब सोसायची ताकद अफाट, ताण सोसायची त्या मानाने फारच कमी. आणि तुटण्याआधी वाकून इशारा देणं त्याला माहीत नाही. पोलादाची तुळई झुकते, आपण टेकू लावतो. बिडाची तुळई काल ठीक होती, आज दोन तुकडे.

मला विचाराल तर आगीपेक्षाही मोठा धडा 10 जानेवारी 1860 चा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स शहरातली पेंबर्टन गिरणी संध्याकाळी पाचच्या सुमाराला भरल्या पाळीत कोसळली. ढिगाऱ्यात अडकलेल्यांना काढताना कंदिलामुळे आग लागली. कित्येक कामगार गेले, त्यात पुष्कळशा बाया आणि मुली. चौकशीत आतले पोकळ बिडाचे खांब दोषी निघाले. ओतताना मधला वाळूचा कोअर सरकला होता. परिणामी खांबाची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ झाली होती. बाहेरून खांब गोल, गुळगुळीत, रंगवलेला. दोष दिसणार कुठून? ओतलेल्या मालाची जाडी तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. ती मोजावीच लागते. पोलाद स्वस्त झालं आणि लाटून निघालेल्या छडीची जाडी सगळीकडे सारखी मिळू लागली, तेव्हा बिडाचा जमाना संपणारच होता. आगींनी फक्त घाई केली.

मुंबईतही हे रोजचं काम आहे. फोर्टातल्या, गिरणगावातल्या जुन्या इमारतींत पोकळ बिडाचे खांब ढिगाने आहेत. पहिली गोष्ट, चुंबक. नक्षीदार खांब लोखंडी आहे की लाकूड-प्लास्टरचा, हे रंगाच्या दहा थरांखाली कळत नाही. न्यूयॉर्कच्या मार्गो गेल या बाई 1970 पासून बिडाच्या वास्तूंसाठी चळवळ चालवत. त्याही लोकांच्या हातात चुंबक देऊन त्यांना रस्त्यावरून फिरवायच्या. दुसरी गोष्ट, खांबाच्या एकाच उंचीवर भोवताली तीन ठिकाणी बारीक भोकं पाडून किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी घेणं. एका जागचं माप बिनकामाचं. एका जुन्या गोदामात पहिल्या भोकाला मिळालेल्या जाडीच्या निम्मी जाडी पलीकडच्या बाजूला मिळाली होती. अहवालात फक्त पहिलं माप गेलं असतं तर तो खांब कागदोपत्री ठणठणीत ठरला असता. तिसरी, पोकळीत साचलेलं पाणी. गच्चीचा पागोळीचा पाइप खांबातून खाली नेलेला असतो, तो चोंदला की आतून गंज सुरू.

आणि कृपा करून तडा गेलेल्या खांबाला दिसेल त्या वेल्डरकडून टाका मारून घेऊ नका. साध्या काडीने, आधी न तापवता केलेलं वेल्डिंग शेजारी नवा तडा काढतं. बिडाला थंड पद्धतीने, धातूच्या कुलपांनी शिवतात. ते करणारे लोक शोधा. हरवलेला नक्षीचा तुकडा ॲल्युमिनियममध्ये ओतून बसवायचा असेल तर मधे इन्सुलेशन घाला. नाहीतर ओलाव्यात दोन धातूंची जुगलबंदी सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. जुना रंग खरवडताना शिशाची धूळ उडते, कामगारांना मास्क द्या.

राहिला वॉटसन हॉटेलचा, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनचा प्रश्न. बोगार्डसशी थेट नातं नाही. काळा घोड्याजवळची ही इमारत 1867 ते 1869 या काळात उभी राहिली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छपरात आणि रॉयल अल्बर्ट हॉलच्या घुमटात त्याचा हात होता. लोखंड इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणलं आणि इथे जोडलं. पण जात कुठली म्हणाल तर ती सोहोच्या दर्शनी भिंतींची नाही. इथे बाहेरून दिसतो तो मुखवटा नसून खरोखरचा सांगाडा आहे: बिडाचे खांब, लोखंडी तुळया आणि मधे भरलेल्या विटा. म्हणजे नातं शोधायचंच तर शॉट टॉवरशी. तो टॉवर तर कधीच पाडला गेला, त्यामुळे लोक राहू शकतील अशा बहुमजली लोखंडी सांगाड्याचा फार जुना नमुना आपल्याकडे शिल्लक आहे. 2005 मध्ये तिच्या बाल्कनीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. पुढे ‘दुरुस्त होण्यापलीकडे गेली’ म्हणणारा अहवाल आला आणि ‘वाचवता येते’ म्हणणाराही. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा. सुटे भाग बोल्टने जोडलेला सांगाडा एकेक भाग काढून दुरुस्त करता येतो. खर्च प्रचंड येईल आणि कुणीतरी तो द्यावा लागेल, हा प्रश्न अभियांत्रिकीचा राहत नाही.

न्यूयॉर्कला जाणार असाल तर हॉवाउट बघाच, पण तिथे थांबू नका. लेनर्ड स्ट्रीटवर 85 क्रमांकाची इमारत बोगार्डसची स्वतःची, 1861 च्या सुमाराची. मग हार्लेममध्ये मार्कस गार्व्ही पार्कात जा. तिथे 1857 चा आगीचा मनोरा आहे. बोगार्डसच्या पद्धतीवर तो ज्युलियस क्रोएलने बांधला. अलीकडे तो सगळा सुटा करून, दुरुस्त करून, 2019 मध्ये पुन्हा टेकडीवर उभा केलाय. खांबाच्या डोक्यावर तुळई कशी बसते आणि बोल्ट कुठून जातो, ते तिथे हात लावण्याइतक्या अंतरावरून दिसतं. चुंबक बरोबर न्या.